हट्टाच्या आधीचा अर्धा तास : दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलाचा दिवस कसा बसवावा

पुण्यात सहकारनगरमध्ये मी गेली चौदा वर्षे घरगुती पाळणाघर चालवते आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्या दारात जे घडते, ते बहुतेक रोज सारखेच असते. दिवसभर नीट खेळलेले, पोटभर जेवलेले मूल आईला पाहताच धावत जाऊन बिलगते आणि दोनच मिनिटांत चपला कोणी घालायच्या यावरून जमिनीवर लोळण घेते. आई ओशाळते आणि विचारते, ‘दिवसभर तुमच्याकडे शहाण्यासारखा राहतो, मग माझ्याकडेच असा का वागतो?’ याचे कारण सरळ आहे. दिवसभर मुलाने जे सावरून धरलेले असते, ते हक्काच्या माणसापाशी सुटते. त्यात चारचे खाणे होऊन अडीच तास उलटलेले असतात, दुपारची झोप अपुरी झालेली असते आणि स्वारगेटच्या गर्दीतून आलेल्या आईला घरी जाऊन कुकर लावायची घाई असते.

इतक्या मुलांना इतक्या जवळून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. हट्ट सुरू झाल्यावर मोठ्यांच्या हाती फार थोडे उरते, पण त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात पुष्कळ असते. म्हणून या लेखात मूल रडू लागल्यावर काय करावे यापेक्षा ते रडू नये म्हणून दिवसाची मांडणी कशी करावी, यावर मी अधिक भर दिला आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, कारण झोप आणि खाणे मार्गी लागण्याआधी शिस्तीचे प्रयोग सुरू केले तर ते सहसा फसतात.

पहिली पायरी : आठवडाभराची नोंद

एक साधी वही घ्यावी. मूल किती वाजता उठले, काय आणि केव्हा खाल्ले, किती वेळ झोपले आणि शी केव्हा झाली, एवढे रोज लिहावे. जेव्हा जेव्हा मोठी रडारड होईल, तेव्हा तिच्या आधीच्या अर्ध्या तासात काय चालले होते तेही एका ओळीत लिहावे. मूल का रडले याचा तर्क लिहू नये, फक्त घडलेले लिहावे. सात दिवसांनी वही सलग वाचली की बहुतेक घरांना दिवसातल्या रडारडीच्या एक-दोन ठरावीक वेळा ठळकपणे दिसतात. ‘अंघोळीला पाणी पाहिले की किंचाळतो’ अशी तक्रार असलेल्या एका कुटुंबाच्या वहीत असे दिसले की मुलगा सहाला उठत होता आणि अंघोळ सव्वाबाराला, म्हणजे भुकेच्या आणि झोपेच्या ऐन वेळी होत होती. अंघोळ साडेनऊला आणली आणि किंचाळणे चार-पाच दिवसांत थांबले. त्या मुलाचे पाण्याशी काही वैर नव्हते.

दुसरी पायरी : झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. आपल्या घरी हा हिशेब करून पाहावा. बाबा हिंजवडीहून नऊला घरी येतात, मग खेळ सुरू होतो, मूल साडेअकराला झोपते आणि सकाळी सातला उठवले जाते. दुपारचा दीड तास धरला तरी बेरीज नऊ तासांच्या आसपासच राहते. असे मूल दुसऱ्या दिवशी सुस्त दिसत नाही, उलट ते अधिक चळवळे आणि चिडके होते. म्हणून त्याची झोप अपुरी आहे हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

सुधारणा रात्रीपासून न करता सकाळपासून करावी. उठण्याची वेळ ठरवावी आणि रविवारीही तीच पाळावी. दुपारची झोप साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नये. त्यानंतर रात्रीची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. झोपण्याआधीची कामे रोज त्याच क्रमाने व्हावीत : जेवण, दात घासणे, कपडे बदलणे, मंद दिव्यात एक गोष्ट आणि मग दिवा बंद. मुलाला घड्याळ कळत नसले तरी क्रम पक्का कळतो. दात घासताना तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्यावी आणि दात घासून झाल्यावर दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये, कारण दुधाचे दात किडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

उशिरा घरी येणाऱ्या वडिलांचा प्रश्न खरा आहे आणि मूल जागे ठेवण्यामागचे प्रेमही खरे आहे. तरीही रात्रीचा हा दंगा सोडावा आणि त्याऐवजी सकाळचा अर्धा तास पूर्णपणे वडिलांच्या नावे करावा, असे मी आग्रहाने सांगते. दात घासणे, दूध देणे, खिडकीतून भारद्वाज किंवा खारी पाहणे, असे जे काही असेल ते रोज त्यांच्याचबरोबर व्हावे. रात्री दमलेल्या मुलाबरोबरच्या दोन तासांपेक्षा ताज्यातवान्या मुलाबरोबरचा हा अर्धा तास दोघांनाही जास्त काही देतो.

तिसरी पायरी : खाणे

तीन जेवणे आणि मध्ये दोन छोटी खाणी, प्रत्येकात साधारण अडीच ते तीन तासांचे अंतर, अशी मांडणी बहुतेक मुलांना मानवते. अधूनमधून बिस्किट, चहात बुडवलेली खारी, आजोबांच्या खिशातली गोळी असे चालू राहिले तर जेवणाच्या वेळी भूक उरत नाही आणि मग ‘हा जेवतच नाही’ ही तक्रार सुरू होते. दुधाचेही तसेच आहे. एका वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरते. त्याहून बरेच जास्त दूध पिणाऱ्या मुलाचे पोट दुधानेच भरते, त्याला लोह कमी पडते आणि पुष्कळदा शीही घट्ट होते. माझ्याकडे येणाऱ्या, जेवणाला नाक मुरडणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या बाबतीत मी पहिली चौकशी दुधाचीच करते.

काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. हा नियम सांगायला सोपा असला तरी पाळायला कठीण आहे, कारण ताटात अर्धा भात उरलेला पाहणे आपल्याला जड जाते. यावर उपाय म्हणजे वाढतानाच थोडे वाढावे. दोन चमचे वरणभात, त्यावर तूप, शेजारी भाजीची एक छोटी ढेरी आणि हातात धरता येईल असा धिरड्याचा किंवा थालीपिठाचा लांबट तुकडा एवढे पुरे होते. मागितले तर पुन्हा द्यावे. वीस-पंचवीस मिनिटांनी काही न बोलता ताट उचलावे आणि पुढच्या खाण्यापर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नये. नवी भाजी पहिल्या चार वेळा नाकारली जाणारच. दहा-पंधरा वेळा ती ताटात दिसल्यावर मूल तिला हात लावते, मग चाटते आणि एखाद्या दिवशी खाते. आमच्याकडे लाल भोपळ्याची भाजी तीन महिने नाकारणाऱ्या एका मुलीने एके दुपारी शेजारच्या मुलाच्या ताटातला भोपळा उचलून तोंडात टाकला. तोपर्यंत तिला कोणीही आग्रह केलेला नव्हता. काऊचा घास, चिऊचा घास हा खेळ जेवणातली गंमत म्हणून छान आहे, पण पोट भरल्यावर घास कोंबण्यासाठी तो वापरू नये.

पुढची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे, बोरासारखी बी असलेली फळे आणि कच्च्या गाजराचे तुकडे या वयात देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. शेंगदाण्याचे कूट द्यावे, द्राक्षे उभी चार भागांत कापावीत आणि मूल नेहमी बसूनच खाईल असे पाहावे. एक वर्षावरच्या मुलाच्या घशात काही अडकले आणि त्याला खोकता, रडता किंवा बोलता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. त्यानेही सुटले नाही, तर मागून हात घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत आणि मदत मिळेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावे. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ वर फोन करायला सांगावे. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, कारण ती आणखी खोल जाते. ही कृती आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष करून शिकून घ्यावी आणि मुलाला सांभाळणाऱ्या मावशींनाही शिकवावी.

चौथी पायरी : बदल होण्याआधी सांगणे

या वयाच्या मुलाला एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे फार जड जाते. ‘पाच मिनिटांत निघायचे आहे’ या वाक्याचा त्याला काहीच अर्थ लागत नाही, पण मोजणी कळते. कमला नेहरू पार्कमधून निघायचे असेल तर ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग चप्पल’ असे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून सांगावे. पहिल्या फेरीनंतर ‘आता एक राहिली’ असे म्हणावे आणि दुसरी झाली की खरोखरच निघावे. ‘बरं, शेवटची’ असे एकदा जरी झाले, तरी मोजणीवरचा विश्वास उडतो.

प्रश्नही जपून विचारावेत. ‘चप्पल घालायची का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ हेच येणार आणि ते खरे धरण्याची आपली तयारी नसते. त्याऐवजी ‘निळी चप्पल की लाल?’ किंवा ‘आधी उजवा पाय की डावा?’ असे विचारावे. चप्पल घालायची हे आपण ठरवलेले असते, पण कोणती घालायची हे त्याच्या हातात राहते. दोनच पर्याय द्यावेत. ‘पळू नको’ याऐवजी ‘माझा हात धरून चाल’ असे सांगावे, कारण ‘नको’ ऐकून काय करू नये हे कळले तरी काय करावे ते मुलाला आपले आपण शोधावे लागते आणि तेवढे त्याला अजून जमत नाही.

पाळणाघराच्या दारातल्या प्रसंगावरही हाच उपाय आहे. मी आता आयांना पर्समध्ये एक केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू आणायला सांगते. आल्यावर चपलांचा विषय काढायचा नाही. पायरीवर पाच मिनिटे बसायचे, मुलाला मांडीवर घ्यायचे, खाऊ द्यायचा आणि मग निघायचे. ही पाच मिनिटे वाया जात नाहीत, कारण रडारडीत पंधरा मिनिटे हमखास जातात.

पाचवी पायरी : तरीही हट्ट सुरू झालाच तर

कितीही तयारी केली तरी हट्ट होतात, कारण दोन वर्षांच्या मुलाला इच्छा प्रौढाइतक्याच तीव्र असतात, पण त्या आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो. काही महिन्यांपूर्वी एका सव्वादोन वर्षांच्या मुलाला मी सवयीने पोळीचे चार तुकडे करून वाढले. त्याला अख्खी पोळी हवी होती. त्याने चारही तुकडे उचलले, ताटात एकमेकांना लावून गोल जुळवून पाहिला आणि ते चिकटत नाहीत हे लक्षात आल्यावर तो ज्या आवाजात रडला, तो आवाज खोडसाळपणाचा नव्हता. मोडलेली वस्तू पूर्ववत होत नाही हे त्याला त्या क्षणी नव्याने कळत होते.

अशा वेळी आधी मूल सुरक्षित जागी आहे हे पाहावे आणि जवळ जमिनीवर बसावे. कमीत कमी शब्दांत त्याच्या मनातले बोलून दाखवावे : ‘तुला अख्खी पोळी हवी होती.’ एवढे झाले की गप्प राहावे. समजावणे, धमकावणे, ‘बघ, शेजारची ताई रडते का?’ अशी तुलना करणे यांपैकी काहीही त्या वेळी आत पोहोचत नाही. जी वस्तू रडण्याआधी नाकारली होती, ती रडण्यानंतर देऊ नये. मात्र नकार मुळातच अनावश्यक होता असे वाटले तर पुढच्या वेळी आधीच होकार द्यावा. शांत झाल्यावर पाणी द्यावे, जवळ घ्यावे आणि उपदेश न करता पुढच्या कामाला लागावे. त्या दिवशी मी दुसरी पोळी वाढली नाही. रडणे ओसरल्यावर ‘उद्या वाढण्याआधी तुला विचारेन’ असे त्याला सांगितले आणि तसे केले.

मारू नये. धपाट्याने रडणे दबते, पण मोठ्या माणसाला राग आला की तो हात उगारतो हेच मूल शिकते आणि तेच ते पाळण्यातल्या भावंडावर करून दाखवते. चावणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी ज्याला चावले त्याच्याकडे लक्ष द्यावे, मग चावणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून ‘चावायचे नाही, दुखते’ एवढेच सांगावे. ‘तुला चावून दाखवते’ हा जुना उपाय पूर्णपणे सोडून द्यावा. रडता रडता श्वास रोखून निळसर पडणारी मुलेही असतात. ते दृश्य भयंकर असते, पण बहुतेक वेळा श्वास आपोआप परत येतो. मुलाला कुशीवर झोपवावे, हलवू नये आणि पहिल्याच वेळेनंतर डॉक्टरांना दाखवावे. ते रक्तातले लोह तपासतात, कारण लोहाच्या कमतरतेचा याच्याशी संबंध आढळतो.

सहावी पायरी : शी-शूची सवय

साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मूल तयार होते. दोन-दोन तास लंगोट कोरडा राहणे, शी होताना कोपऱ्यात जाऊन उभे राहणे, चड्डी खाली ओढता येणे आणि साधी सूचना समजणे ही त्या तयारीची लक्षणे आहेत. पुण्यात सुरुवात फेब्रुवारी ते मे या काळात करावी असे मी सुचवते, कारण जुलैच्या भिजपावसात दिवसाला सात चड्ड्या वाळत नाहीत आणि वाळत न घालता आलेल्या कपड्यांचा राग शेवटी मुलावर निघतो. घर बदलताना किंवा नवे बाळ आलेले असताना ही सवय सुरू करू नये. बालवाडीचा जूनमधला प्रवेश हेही घाईचे कारण होऊ नये. सवय झालेली नसेल तर तसे बाईंना मोकळेपणाने सांगावे.

रोज सकाळी आणि जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे. पाय हवेत लोंबकळले तर मुलाला जोर लावता येत नाही, म्हणून पायांखाली छोटा पाट ठेवावा. झाली तर ‘झाली शी’ एवढे आनंदाने म्हणावे आणि नाही झाली तर उठू द्यावे. कपड्यात झाली तर नाक न मुरडता बदलावे. एकदा दुखले की मूल शी रोखून धरू लागते, ती आणखी घट्ट होते आणि हे चक्र मोडायला महिने लागतात, म्हणून पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका आणि भाज्या यांकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवावे. रात्रीचा कोरडेपणा पुष्कळ उशिरा येतो, त्याची घाई करू नये.

सातवी पायरी : बोलणे आणि मोबाईल

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल सोडल्यास पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने दाखवावा. जेवताना मोबाईल लावण्याची सवय मोडायची असेल तर एका जेवणापासून सुरुवात करावी. शक्यतो ते दुपारचे असावे, कारण तेव्हा घरात घाई कमी असते. पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल, ते सोसावे.

त्याच्या जागी काय द्यायचे, तर काम. स्वयंपाकघरातला खालचा एक खण त्याच्या नावे करावा आणि त्यात पातेले, चाळणी, लाकडी डाव, झाकणाचे डबे ठेवावेत. मटारच्या शेंगा सोलताना त्याला टोपलीजवळ बसवावे, पण दाणे तोंडात किंवा नाकात जाणार नाहीत यावर डोळा ठेवावा. काम करताना चाललेले साधे बोलणे, ‘ही शेंग मोठी, ही चपटी, यात दाणाच नाही’, हेच त्याच्या भाषेचे खरे खाद्य आहे. घरात मराठीबरोबर दुसरी भाषा बोलली जात असेल तर बिनदिक्कत बोलावी, त्याने वाचा अडत नाही. दोन वर्षांचे झाल्यावरही मूल ‘पाणी दे’, ‘बाबा आला’ अशी दोन शब्दांची जोडणी करत नसेल, तर ‘याचे काकाही उशिरा बोलले’ या आश्वासनावर थांबू नये. डॉक्टरांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी. आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे होऊ लागले तर लगेच दाखवावे.

आठवी पायरी : घर आणि रस्ता

गॅलरीच्या कठड्याजवळ खुर्ची किंवा मोठी कुंडी ठेवू नये. न्हाणीघरात पाण्याची बादली भरून ठेवू नये, कारण लहान मूल थोड्या पाण्यातही बुडू शकते. फिनेल शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची पद्धत कायमची बंद करावी. रिमोटमधली बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

पुण्यात मात्र सर्वांत मोठा धोका मला दुचाकीवर दिसतो. स्कूटरच्या पुढच्या बाजूला उभे असलेले मूल ब्रेक लागताच हँडलवर आदळते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला नियम असा आहे की, चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडलेला सुरक्षा पट्टा लावावा, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट घालावे आणि वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही हा नियम पाळावा.

लसीकरणाचे कार्ड याच वेळी काढून पाहावे. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणी आणि पोलिओचा बूस्टर व गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो आणि अ जीवनसत्त्वाचे डोस दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत चालतात. हे सर्व महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळते.

नववी पायरी : घरातल्या मोठ्यांचे एकमत

वरच्या सगळ्या पायऱ्या जिथे अडतात, ती जागा बहुतेक वेळा मोठ्यांमधली असते. आई नाही म्हणते, आजी पदराआडून देते आणि मूल दोघींकडे पाहत उभे राहते. मी पालकांना सांगते की आजी-आजोबांशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालू नका. मूल झोपल्यावर सर्वांनी एकत्र बसावे, कोणीही मोडायचे नाहीत असे तीनच नियम ठरवावेत, जसे की मारायचे नाही, जेवताना मोबाईल नाही आणि झोपेची वेळ चुकवायची नाही, आणि ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. उरलेल्या बाबतींत आजीची पद्धत आजीपाशी चालू द्यावी. आजीच्या मांडीवर मेतकूट-भात भरवून घेणारे मूल आईपाशी स्वतःच्या हाताने जेवू शकते. माणसागणिक पद्धत बदलते हे त्याला चांगले समजते. पण एकाच माणसाने आज हो आणि उद्या नाही म्हटले, तर त्याचा गोंधळ होतो. नियम ठरवताना आजी-आजोबांकडूनही एक नियम मागून घ्यावा. एका घरात आजोबांनी ‘मुलासमोर एकमेकांवर ओरडायचे नाही’ असा नियम घातला आणि कागदावर तो सर्वांत वर लिहिला गेला.

मूल या वयात झपाट्याने बदलते. दुपारची झोप कमी होते, भूक वाढते आणि नवे शब्द येतात, त्यामुळे बसवलेला क्रम काही महिन्यांत पुन्हा विस्कटतो. म्हणून पहिल्या पायरीतली वही टाकून देऊ नये. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा आठवडाभर लिहावी आणि वेळा त्याप्रमाणे पुढेमागे कराव्यात.